जड इलेक्ट्रिक गाडी ट्रॅकवर नेताय? आधी ब्रेकचा खर्च मांडा

बीवायडीची सील परफॉर्मन्स मार्च २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ५३ लाख रुपये होती. ताकद ५३० पीएस, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.८ सेकंदांत आणि वजन २,१८५ किलो. एके काळी एवढ्या ताकदीसाठी कोटीच्या वरची युरोपियन गाडी घ्यावी लागायची. आता ती चार दारांच्या घरगुती सेडानमध्ये मिळते, आणि कधीतरी ही गाडी मोकळ्या ट्रॅकवर पळवून पाहावी असं मालकाला वाटणं अगदी साहजिक आहे. जरूर पळवावी. रस्त्यावर हा शौक करण्यापेक्षा ट्रॅकवर करणं शंभर पटींनी चांगलं.

पण या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचे ब्रेक रस्त्यासाठी बनवलेले असतात. एक्स्प्रेसवेवर अचानक कुणी आडवं आलं तर ते गाडी चोख थांबवतात. ट्रॅकवर मात्र तसं थांबणं दर वीस-तीस सेकंदांनी पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेगवान फेरीतच ब्रेकची मर्यादा समोर येते. ही मर्यादा कुठून येते, ती किती पैशांत किती पुढे सरकवता येते आणि कुठे पैसे घालणं व्यर्थ आहे, ते या लेखात मांडलं आहे. माझं मत आधीच सांगतो. पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करा, दुसरा पॅडवर, आणि त्यानंतर लाखांचं किट घेण्याऐवजी सलग फेऱ्या कमी करा.

पुढे दिलेले रुपयांतले आकडे बजेट आखण्यासाठीचे अंदाज आहेत. गाडी, शहर आणि आयातीचा खर्च यांनुसार ते बदलतील, म्हणून कोटेशन प्रत्यक्ष घ्याच.

उष्णतेचं गणित

ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. २,१८५ किलोची गाडी या वेगात असताना तिच्यात सुमारे २.७ मेगाज्यूल ऊर्जा असते. वळणासाठी वेग ७० वर आणायचा तर त्यातली २.३ मेगाज्यूल साडेतीन सेकंदांत कुठेतरी जिरवावी लागते. त्याच सरळ पट्ट्यावर ११०० किलोची पेट्रोल हॅचबॅक समजा १४५ पर्यंत पोचली. तिला ७० वर आणायला ०.७ मेगाज्यूल जिरवली की भागतं. वजन दुप्पट, पण ब्रेकचं काम तिपटीहून जास्त. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ताकदवान गाडी प्रत्येक वळणाशी जास्त वेगाने येऊन पोचते. म्हणजे ब्रेकला गाडीचं वजन जसं भाजतं, तशीच तिची ताकदही भाजते.

साडेतीन सेकंदांत २.३ मेगाज्यूल म्हणजे सरासरी सुमारे ६६० किलोवॅट. गाडीच्या दोन्ही मोटरी मिळून ३९० किलोवॅट देतात, हे लक्षात घेतलं की ब्रेक करताना प्रवेग घेण्यापेक्षा किती जास्त काम होतं ते कळतं. यातला पाचवा भाग रिजनरेशनने, म्हणजे मोटरने उलट वीज तयार करून, बॅटरीत गेला असं धरू. उरलेल्यातला दोन-तृतीयांश पुढच्या चाकांवर येतो. पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी दहा किलोच्या धरल्या तर एकाच ब्रेकिंगमध्ये त्या सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतात. पुढच्या वळणापर्यंत थोड्या निवतात, पुन्हा तापतात. अशी चार-पाच मोठी वळणं एका फेरीत आली तर तिसऱ्या फेरीपर्यंत डिस्क ५००-६०० अंशांवर पोचणं अजिबात नवलाचं नाही.

इथे घाटाचा अनुभव असलेले वाचक म्हणतील की आम्ही महाबळेश्वराहून वाईला उतरतो तेव्हाही ब्रेक तापतात. खरं आहे, आणि तुलना करण्यासारखी आहे. महाबळेश्वर ते वाई उतार साधारण ६०० ते ६५० मीटरचा. एवढं वजन तेवढं खाली आणताना १३ मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा सुटते, म्हणजे ट्रॅकवरच्या सहा जोरदार ब्रेकिंगइतकी. पण ती तासाभरात सुटते, सरासरी चार किलोवॅटच्याही आत. मोटर ती हसत-खेळत बॅटरीत परत भरते आणि डिस्क जेमतेम कोमट राहतात. मात्र महाबळेश्वरातच बॅटरी १०० टक्के भरून निघालात तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि पसरणी घाटात काम पॅडवर येतं. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. हा सल्ला ट्रॅकवर कधीही न जाणाऱ्यांसाठीही आहे.

रिजनरेशनवर किती भिस्त ठेवावी

इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक पॅड लाख किलोमीटर टिकतात, असं विक्रेते सांगतात. शहरात ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पोर्शने टायकॅन या आपल्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल रोजच्या वापरातलं ९० टक्क्यांपर्यंत ब्रेकिंग मोटरच करते असं सांगितलं होतं. ट्रॅकवर हे गणित उलटतं. त्याच टायकॅनची वेग कमी करतानाची रिजनरेशन क्षमता २०२४ मध्ये २९० वरून ४०० किलोवॅटवर नेली, आणि रस्त्यावरच्या गाड्यांत हा फार मोठा आकडा आहे. तरीही पोर्शने या गाडीच्या वरच्या आवृत्त्यांना पुढे दहा पिस्टनचे कॅलिपर दिले आहेत, कारण उरलेलं काम डिस्कलाच करायचं असतं. सर्वसाधारण गाड्यांची रिजनरेशनची मर्यादा यापेक्षा खूप खाली असते.

रिजनरेशनवर जगणारी गाडी पाहायची असेल तर ११ फेब्रुवारी २०२३ ची हैदराबादची फॉर्म्युला ई शर्यत आठवा. त्या जेन-३ गाड्यांच्या मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक नव्हतेच. पण त्यांची रिजनरेशन क्षमता ६०० किलोवॅट, आणि वजन चालकासह साडेआठशे किलोच्या आसपास. आपली गाडी अडीचपट जड आणि तिची वीज परत घेण्याची क्षमता त्याच्या एका तुकड्याएवढी. त्यामुळे शर्यतीतल्या तंत्रज्ञानाचा दाखला देऊन कुणी निर्धास्त राहायला सांगत असेल तर ऐकू नका.

आणखी एक धोका आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल, थंड असेल किंवा फार तापली असेल तर गाडी रिजनरेशन आपोआप कमी करते. ज्या गाड्यांत ब्रेक पॅडलमधूनच मोटर आणि पॅड यांची सांगड घातलेली असते, तिथे ही कपात पायाला जाणवत नाही. पॅडल तेवढंच घट्ट लागतं, गाडी तेवढीच थांबते, पण आतमध्ये पॅडवरचा भार वाढलेला असतो. टेस्लासारख्या गाड्यांत रिजनरेशन ॲक्सिलरेटर सोडल्यावर होतं आणि पॅडल पॅडचंच असतं; तिथे पाय उचलल्यावर गाडी कमी आवरते, त्यावरून निदान अंदाज येतो. तुमची गाडी यातल्या कुठल्या प्रकारची आहे हे मॅन्युअलमध्ये पाहून जा. डॅशबोर्डवर रिजनरेशनचा पट्टा असेल तर दर फेरीला सरळ पट्ट्यावर त्याच्याकडे एक नजर टाकायची सवय लावा.

ब्रेक ऑइल: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात महत्त्वाचं

गॅरेजमध्ये आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तो द्रव हवेतली ओल शोषतो. गाडी किती चालली याच्याशी त्याचा संबंध नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात उभ्या गाडीतही तो ओल धरतो. इलेक्ट्रिक गाडीत पॅड झिजत नाहीत म्हणून चाकं उघडली जात नाहीत, आणि ऑइलही तसंच राहून जातं. तीन वर्षं जुनं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे अपघाताची तयारी करून जाणं.

डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश असावा लागतो. ओल धरल्यावर ही किमान पातळी १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, पॅडल स्पंजी होतं आणि मग एका वळणापाशी थेट खाली बसतं. पॅड तापले तर पॅडल घट्ट राहून गाडी कमी थांबते आणि थोडी आगाऊ सूचना मिळते. ऑइल उकळल्यावर तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून यादीत ऑइल पहिलं.

ट्रॅकसाठीच्या ऑइलमध्ये मोट्युल आरबीएफ ६०० आपल्याकडे सहज मिळतं. त्याचा कोरडा उत्कलनांक ३१२ अंश, ओल धरल्यावर २०५ च्या आसपास. अर्ध्या लिटरची बाटली १,८०० ते ३,००० रुपयांना धरा. सगळं जुनं ऑइल काढून नवं भरायला किमान एक लिटर लागतं, दीड लिटर असलं तर निवांतपणे होतं. मजुरी दीड ते तीन हजार. म्हणजे पाच ते बारा हजारांत ही सगळ्यात मोठी जोखीम कमी होते.

गॅरेजमध्ये तीन गोष्टी स्वतः विचारा. पहिली, गाडीत ब्रेक-बाय-वायर, म्हणजे पॅडलचा इशारा विजेने पोचवणारी यंत्रणा असेल तर हवा काढायला स्कॅनर लागतो का, आणि तो त्यांच्याकडे आहे का. नुसतं पॅडल मारून आणि निपल सोडून या यंत्रणेतली सगळी हवा निघेलच असं नाही. दुसरी, कंपनीने पातळ प्रकारचं डॉट ४ सांगितलं आहे का. हल्लीच्या अनेक गाड्यांच्या एबीएस आणि स्थिरता-नियंत्रणाच्या वाल्व्हना पातळ ऑइल हवं असतं आणि शर्यतीचं ऑइल त्यापेक्षा दाट असू शकतं. तसं असेल तर ट्रॅकचा दिवस झाल्यावर कंपनीचं ऑइल परत भरा. दुप्पट मजुरी गेली तरी चालेल. तिसरी, बाटलीवर डॉट ५ लिहिलं असेल तर ती परत करा. डॉट ५ हे सिलिकॉनचं, डॉट ५.१ वेगळं. नावात एका दशांशाचा फरक असला तरी ही दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

पॅड, डिस्क आणि मोठी किट

कंपनीचे पॅड गार असतानाही चावतात, आवाज करत नाहीत आणि रिम काळ्या करत नाहीत. रस्त्यासाठी हेच गुण हवेत. पण साधारण ४०० अंशांच्या वर त्यांची पकड घसरू लागते. ट्रॅकचे पॅड ६००-७०० अंशांपर्यंत टिकतात. त्याबदल्यात कर्कश वाजतात, काळी पूड सोडतात, डिस्क लवकर खातात आणि सकाळी गार असताना पहिल्या दोन ब्रेकिंगला थोडे आळशी असतात. म्हणून ट्रॅकचे पॅड ट्रॅकपुरते लावावेत. मधला पर्याय म्हणून रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठीचे पॅड मिळतात, आणि वर्षाला एखाद-दोनदा जाणाऱ्याला तेच घ्यायला मी सांगेन. आपल्याकडच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ते बहुधा बाहेरून मागवावे लागतात. पुढच्या जोडीला वीस ते चाळीस हजार धरा आणि महिनाभर आधी ऑर्डर द्या. पॅडच्या आकाराचा नंबर कॅलिपरवरून ताडून घ्या. गाडीचं नाव सांगून मागवलेले पॅड न बसल्याने परतीचा खर्च अंगावर येतो.

मागच्या पॅडला हात लावताना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक सर्व्हिस मोडवर घ्यावा लागतो. पिस्टन जोराने दाबून आत ढकलला तर पार्किंग ब्रेकची मोटर खराब होते. त्याहून महाग चूक जॅकची. या गाड्यांची बॅटरी जमिनीलगत पसरलेली असते, आणि ठरलेल्या जागा सोडून जॅक लावला तर बॅटरीचं आवरण चेपतं. त्या चेपेचा दुरुस्ती खर्च ऑइल, पॅड, डिस्क या सगळ्यांच्या बेरजेच्या कित्येक पट निघू शकतो. गॅरेजवाल्याकडे जॅकसाठी रबरी पक हवेत आणि त्याला लिफ्टिंग पॉइंट माहीत हवेत. नसतील तर तुमच्या मॅन्युअलमधलं पान मोबाइलवर दाखवा. यात अवघडण्यासारखं काही नाही.

डिस्कचं सांगायचं तर कंपनीच्या साध्या लोखंडी डिस्क पुरेशा आहेत. जोडीला पंचवीस ते साठ हजार. डिस्कच्या कडेवर किंवा मध्यभागी किमान जाडी कोरलेली असते. तिथवर येण्याआधीच ट्रॅकसाठी ती बाद समजा. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा उमटतात, त्या चालतात. रेघ कडेपर्यंत गेली किंवा नखाला अडकू लागली की डिस्क बदला. भोकं पाडलेल्या दिखाऊ डिस्क घेऊ नका, भोकांपासून तडे लवकर सुरू होतात. पॅड अर्धे झिजले की ट्रॅकवर वापरू नका. पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनकडे आणि ऑइलकडे जाते.

मोठ्या कॅलिपरची आणि सिरॅमिक डिस्कची किट हा प्रश्न हमखास येतो. टेस्लाची मॉडेल एस प्लेड २०२१ मध्ये १,०२० हॉर्सपॉवर घेऊन आली, आणि तिच्यासाठी ट्रॅकवर टिकणाऱ्या कार्बन-सिरॅमिक ब्रेकची किट कंपनीनेच पुढे २०,००० डॉलरना विकायला ठेवली. म्हणजे बनवणाऱ्यालाही मूळ ब्रेकची मर्यादा माहीत होती, आणि ती ओलांडायला किती पैसे लागतात तेही. आपल्याकडे अशी किट आणायची तर किमतीवर वाहतूक आणि आयात शुल्क चढतं. सिरॅमिक डिस्क हलक्या असतात, उष्णता सोसतात, पण ट्रॅकवर त्याही झिजतात, आणि चाक काढताना एकदा आपटली तर टवका उडून निकामी होऊ शकते. वर्षाला दोन-तीन ट्रॅक डे करणाऱ्याने हे पैसे घालू नयेत. तेवढ्या पैशांत लोखंडी डिस्कचे अनेक जोड येतात आणि शिकवणाऱ्या चालकाची फीसुद्धा निघते.

फुकटातली एक सुधारणा आहे. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या चाकांवर हवेचा रोध कमी करणारी प्लॅस्टिकची झाकणं असतात. ती ब्रेकची हवा अडवतात. ट्रॅकवर काढून ठेवा.

आणखी दोन-तीन हजारांत मोजण्याची साधनं येतात. कॅलिपरवर चिकटवायच्या तापमान-पट्ट्या मिळतात. ज्या तापमानापर्यंत कॅलिपर गेला तो चौकोन कायमचा काळा होतो. फेऱ्या संपल्यावर पट्टी सांगते की ऑइल उकळण्यापासून तुम्ही किती दूर होता. डिस्कसाठी इन्फ्रारेड तापमापक घ्या. ब्रेक ठीक वाटतात या भावनेपेक्षा या दोन वस्तूंवर माझा जास्त विश्वास आहे.

त्या दिवशी

ट्रॅक कुठला यावरही ब्रेकचा खर्च ठरतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झालेला. तिथली मागची सरळ वाट एक किलोमीटरहून लांब, आणि तिच्या शेवटी चौथ्या वळणाला गाडी जवळजवळ शेवटच्या वेगावरून खाली आणावी लागते. जड, ताकदवान गाडीची खरी कसोटी तिथे. कोइम्बतूरचा कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, वेग कमी, पण ब्रेक पुन्हा पुन्हा, निवायला वेळ थोडा. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टैचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक या दोघांच्या मधला. पुण्याजवळ मावळात नानोलीला ट्रॅक झाल्यापासून आपल्या लोकांना निदान गाडी हजार किलोमीटर दूर नेण्याआधी जवळ काही पर्याय आहे. आयोजकाला आधी विचारा की इलेक्ट्रिक गाडी चालते का, पॅडॉकमध्ये चार्जर आहे का, आणि विजेच्या गाडीच्या आगीसाठी आणि गाडी उचलून नेण्यासाठी काय सोय आहे. या प्रश्नांवर आयोजक गडबडला तर दुसरा आयोजक शोधा.

बॅटरी ८५-९० टक्क्यांवर ठेवून ट्रॅकवर उतरा, म्हणजे पहिल्या वळणापासून रिजनरेशन मिळेल. पहिली फेरी ब्रेक आणि टायर तापवण्यासाठी. मग दोन, फार तर तीन वेगवान फेऱ्या. त्यानंतर एक पूर्ण फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, फक्त हवा खेळवण्यासाठी. पंधरा-वीस मिनिटांचं सत्र पैसे भरून घेतलं आहे म्हणून ते पूर्ण वापरलंच पाहिजे असं नाही. ही गाडी त्यातली सात-आठ मिनिटंच उत्तम देते, आणि ती मिनिटं फार सुंदर असतात. पॅडॉकमध्ये आल्यावर पार्किंग ब्रेक ओढू नका, चाकाला ओंडका लावा. गरम पॅड एकाच जागी दाबून राहिला तर डिस्कवर डाग बसतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. दोन-तीन मिनिटांनी गाडी फूटभर पुढे ढकला. अर्धा तास तरी थांबा.

खर्च वाचवणारी सगळ्यात परिणामकारक युक्ती फुकट आहे. सरळ वाटेवर १८० ऐवजी १५० ला थांबा. वळणाआधी जिरवायची ऊर्जा २.३ वरून दीड मेगाज्यूलवर येते, म्हणजे एक-तृतीयांशाहून जास्त घट. वळणातला आनंद तेवढाच राहतो, आणि ट्रॅकवर शिकायचं असतं ते वळणातच. शिवाय वळणाच्या दोनशे मीटर आधी ॲक्सिलरेटर सोडला तर मोटरला वीज परत घ्यायला जास्त सेकंद मिळतात. पॅडल जरा जरी लांब गेलं, जळका वास आला किंवा धूर दिसला तर ती फेरी तिथेच संपवा. पुढच्या वळणाला बघू, असं करू नका.

एका दिवसाची बेरीज

सील परफॉर्मन्सच्या वजनाची गाडी, मध्यम वेगाचा चालक, दिवसात चार-पाच छोटी सत्रं असं धरू. ब्रेक ऑइलचा ८,५०० रुपयांचा खर्च दोन दिवसांत विभागला तर दिवसाला ४,२५०. तीस हजारांचे पॅड तीन दिवस टिकले तर १०,०००. पंचेचाळीस हजारांच्या डिस्क पाच दिवस, म्हणजे ९,०००. एक लाखाचे चार टायर चार दिवस, म्हणजे २५,०००; जड गाडी टायरचे खांदे निर्दयपणे खाते. ट्रॅकची फी १०,००० ते ३०,००० च्या दरम्यान, मधली २०,००० धरू. शंभर युनिट वीज जलद चार्जरवर २,२०० रुपये. एकूण ७०,००० च्या थोडी वर, त्यातले तेवीस हजार निव्वळ ब्रेकचे. पुण्याहून कोइम्बतूर किंवा चेन्नईला गाडी ट्रकवर न्यायची तर जाऊन-येऊन तीस ते साठ हजार आणखी. फेऱ्यांची वरची शिस्त पाळली तर पॅड आणि डिस्क जवळपास दुप्पट टिकतील, असा माझा अंदाज आहे.

या बेरजेत न दिसणारी रक्कम विम्याची आहे. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि त्यात संघटित शर्यत, पेस-मेकिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, असा युक्तिवाद तुम्ही कराल. विमा कंपनी वेगचाचणीकडे बोट दाखवेल. म्हणून ट्रॅकवर गाडी विमा नसल्यासारखीच आहे असं गृहीत धरा, किंवा त्या दिवसापुरतं संरक्षण मिळतं का हे कंपनीला लेखी विचारा. तोंडी हो म्हणणाऱ्या एजंटवर विसंबू नका. ट्रॅकचं कुंपण तुटलं तर त्याचे पैसे कोण भरतं, हे आयोजकाच्या करारात सही करण्याआधी वाचा.

वॉरंटीतही शर्यत आणि स्पर्धा बहुधा वगळलेल्या असतात. ह्युंदाईने आयोनिक ५ एन साठी ऑस्ट्रेलियात स्पर्धेव्यतिरिक्तच्या ट्रॅक वापरालाही वॉरंटी दिली. पुढे ४०० मिलिमीटरच्या डिस्क आणि ०.६ जीपर्यंतचं रिजनरेशन असलेली ती गाडी मुळातच ट्रॅकचा विचार करून बनवलेली आहे. आपल्याकडे विकणाऱ्या कंपन्यांना असं आश्वासन मागायला हवं. चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ सुद्धा ७९ किलोवॅट-तासाच्या बॅटरीसह २१० किलोवॅट देते. इतक्या ताकदीची गाडी विकताना तिचे ब्रेक किती सलग फेऱ्या टिकतात, हे कंपनीने छापील सांगावं, ही ग्राहकाची रास्त मागणी आहे. शोरूममध्ये ती लेखी करा.

घरी परतण्याआधी टॉर्क रेंचने चाकांचे नट पुन्हा आवळा आणि ट्रॅकचे पॅड काढून रस्त्याचे लावा. ऑइलचा रंग काळपट झाला असेल तर बदलूनच हायवेला लागा. आणि जुनी ताकदवान इलेक्ट्रिक गाडी विकत घेणार असाल तर बॅटरीच्या अहवालाबरोबर पुढची चाकं काढून पाहायचा आग्रह धरा. निळसर झाक आलेली डिस्क, करपलेलं कॅलिपरचं रबर, टायरच्या खांद्यावर गोळा झालेलं रबर यातलं काहीही दिसलं तर ऑइल, पॅड, डिस्क आणि टायर यांचा मिळून दीड-दोन लाखांचा खर्च किमतीतून वजा करून बोली लावा.